एकाच बाकावरचे दोन गोंयकार

यंदा गणेश चवथीला फोंड्याला घरी गेलो. दुसऱ्या दिवशी बहीण आणि भावोजी आले आणि माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली, एकच विषय रंगला: भाचा बारावीला, पुढं कुठं घालायचा? भावोजींचा निकाल तयार होता. "सरकारी म्हणजे आळशी, खासगी म्हणजे लूट. तुमच्या जर्मनीत बरं, सगळं फुकट."

फुकट खरं, पण सगळ्यांना नाही. मी राहतो त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २००७ मध्ये सत्राला ५०० युरो फी लावली होती. लोकांना ती पटली नाही, २०१२ मध्ये गेली. २०१७ पासून मात्र युरोपीय संघाबाहेरून शिकायला येणाऱ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. आता आमची गोव्याची गंमत बघा. आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला, म्हणून युरोपीय संघातला ठरलेला म्हापशाचा मुलगा दीडशे-दोनशे युरोंची वर्गणी भरून वर्गात बसतो. शेजारी भारतीय पासपोर्टवाला पेडण्याचा मुलगा तीच वर्गणी भरून वर १५०० मोजतो. विद्यापीठ सरकारी, प्राध्यापक तोच.

शिवाय चाळणी लागते ती फार आधी. चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, कोण गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार हे बरंचसं ठरतं. पुढे वाट बदलता येते, पण दमछाक होते. शेजारणीची मुलगी चौथीत होती तेव्हा त्या घरात आपल्या बारावीच्या निकालासारखा ताण मी पाहिलाय.

आणि आपल्याकडे तरी दोनच खण कुठे आहेत? बांबोळीचं मेडिकल कॉलेज सरकारी, मूळ १८४२ चं, आणि तिथल्या जागेसाठी मुलं जिवाचं रान करतात. झुआरीनगरचं बिट्स हे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ खासगी, तिथंही मुलं धडपडतात, फक्त फीचा आकडा ऐकून बापाला घाम फुटतो. या दोहोंच्या मधे अनुदानित कॉलेजं: संस्था खासगी, पगार सरकारी तिजोरीतून. गोव्यातल्या कितीतरी घरांतली पहिली पदवी तिथून आली, पण वादात त्यांचं नावच निघत नाही. भांडायचंच तर मी यावर भांडेन, की तासिका तत्त्वावरच्या मास्तरांवर ही कॉलेजं किती वर्षं रेटायची?

"भावोजी, तुम्ही बी.कॉम. कुठं केलंत?"

"मडगावला. अनुदानित कॉलेज."

"फी किती होती?"

माटोळीतल्या सुपारीच्या घोसाकडे बघत त्यांनी बराच वेळ विचार केला. आठवेना.