ब्रीदरची नळी काढल्याने इंजिन मोकळं होत नाही

गाडीला कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) बसवणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक सल्ला फिरतो आहे. टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, एअर फिल्टरच्या पाइपात येणारी ब्रीदरची रबरी नळी काढून टाका, नव्या इनटेकमध्ये (हवा आत नेणाऱ्या पाइपात) तिच्यासाठी जागाच ठेवू नका, आणि कव्हरच्या तोंडावर लिंबाएवढा छोटा फिल्टर लावा. कारणं तीन सांगतात. ती नळी इंजिनातला घाण धूर बाहेर टाकते. तो धूर परत आत गेल्याने ताकद घटते. आणि ही सगळी व्यवस्था फक्त प्रदूषणाच्या नियमांसाठी आहे, इंजिनाला तिचा उपयोग नाही.

पहिलं कारणच उलटं आहे. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल असलेल्या क्रँककेसमध्ये, उतरतो, अगदी नव्या इंजिनातही. मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्लं असतात. तो ओढून घेते ती दुसरी नळी, पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (चेंबरमधला वायू इंजिनात परत सोडणारी झडप) मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाला, जोडलेली. ओढलेल्या वायूची जागा घ्यायला गाळलेली ताजी हवा लागते, आणि ती येते या ‘घाण’ नळीतून. म्हणजे आयडलिंगला आणि सावकाश चालवताना ही नळी हवा आत नेते. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो, बॅक कॉम्प्रेशन वाढतं आणि तेवढ्यापुरता प्रवाह उलटा होतो. नळीत तेलाचे डाग दिसतात ते बहुतेक तेव्हाचे. ते पाहूनच हा गैरसमज झाला असावा.

आता ती नळी काढून छोटा फिल्टर लावला तर काय होतं? ज्या गाडीत हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर आहे, तिथे त्याने न मोजलेली हवा पीसीव्हीतून इंजिनात शिरते. मिश्रण पातळ होतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवून सांभाळून घेतो. ते जमेनासं झालं की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पी०१७१ हा मिश्रण पातळ असल्याचा कोड येतो. मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल सोडणाऱ्या गाड्यांत हा त्रास सहसा होत नाही, हे मान्य. ‘माझ्या गाडीला काही झालं नाही’ म्हणणारा म्हणूनच खोटं बोलत नसतो. पण जोरात चालवताना त्याचाही धूर बॉनेटखाली सुटतो, आणि केबिनची हवा बहुतेक गाड्यांत समोरच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतूनच येते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात, याचा विचार या सल्ल्यात कुठेच नाही.

दुसऱ्या कारणात थोडं तथ्य आहे. तेलाची वाफ इनटेकमध्ये साचते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथली काजळी धुतली जात नाही. पण एरवीच्या चालवण्यात हे तेल मुख्यतः पीसीव्हीच्या नळीतून जातं, आणि सल्ला देणारे ती नळी तशीच ठेवतात! खरा उपाय म्हणजे आत जाळी आणि आडपडदे असलेला कॅच कॅन (तेल अडवून साठवणारा डबा), दोन्ही तोंडं जोडलेला आणि वेळच्या वेळी रिकामा केलेला. काहीजण पुढे जाऊन दोन्ही नळ्यांना बूच मारतात. मग चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सील गळू लागतात. ताकदीसाठी धडपडणारे रेसिंगवाले तर क्रँककेसला मुद्दाम व्हॅक्यूम पंप लावतात, कारण खालचा दाब कमी असला की रिंगा चांगल्या बसतात.

तिसऱ्या कारणाला इतिहासच उत्तर देतो. पूर्वी गाड्यांना खाली उघडी नळी असे आणि धावत्या गाडीखालची हवा वायू ओढून घेई. शहरात गाडी रेंगाळली की ओढ संपे आणि तेलाचा चिखल होई. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलांपासून पीसीव्ही आलं ते धुरक्यामुळे, हे खरं. पण तेलही त्यामुळे जास्त स्वच्छ राहू लागलं. पावसाळ्यात रोज चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपखाली पिवळसर लोण्यासारखा थर दिसतो, तो याच साचलेल्या पाण्याच्या वाफेचा. आणि पीयूसी पास झालं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ती चाचणी फक्त सायलेन्सरच्या तोंडाशी होते.

इनटेक जरूर बदला, पण नळीसाठी जागा ठेवा. ती सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्या मधे हवी. सेन्सरच्या आधी जोडली तर तेलाची वाफ त्याच्या तारेवर बसते. टर्बो असेल तर टर्बोच्या तोंडाआधी. आतला व्यास मूळ नळीएवढा, रबर तेलाला टिकणारं. पाइपाला भोक पाडायचं तर तो गाडीवरून उतरवूनच, नाहीतर कीस इंजिनात जाईल. आणि त्याआधी, पेट्रोल गाडी आयडलिंगला ठेवून ऑइल कॅप काढा व तोंडावर कागद धरा. तो हलकेच ओढला गेला पाहिजे. फडफडून बाहेर फेकला गेला, तर पीसीव्ही तुंबलाय किंवा रिंगा झिजल्यात. नव्या फिल्टरवर पैसे घालण्याआधी ते बघून घ्या.