ते ‘सौंदर्याचे नियम’ ऑड्री हेपबर्नचे नाहीत

‘ओठ सुंदर हवेत तर गोड बोला, बांधा सडपातळ हवा तर भुकेल्याला आपल्यातला घास द्या...’ हा मजकूर हॉलिवूड अभिनेत्री ऑड्री हेपबर्नच्या आत्मचरित्रातला म्हणून सध्या फिरतोय. पण आत्मचरित्र तिने कधी लिहिलंच नाही! 1993 मध्ये ती गेली, आणि आज दुकानात दिसतात ती सगळी चरित्रं इतरांनी लिहिलेली. मूळ ओळी अमेरिकन विनोदी लेखक सॅम लेव्हन्सन यांच्या. नातीला उद्देशून लिहिलेल्या, 1973 च्या ‘इन वन इरा अँड आऊट द अदर’ या पुस्तकात आलेल्या. ऑड्रीला त्या फार आवडायच्या, ती वाचूनही दाखवायची. तिथूनच नाव चिकटलं असावं. आणि त्या मजकुराखाली छापलेला तिचा काळ्या ड्रेसमधला फोटो? तो 1961 च्या ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ या सिनेमातला.