तीस बायका आणि एक कलम

परवा आईचा फोन. तिच्या ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकलेलं, स्वित्झर्लंडमध्ये बुरखाबंदी, "याला म्हणतात देश", आणि खाली अंगठेच अंगठे. आई विचारते, काय गं, तुमच्याकडे एवढ्या असतात का बुरखेवाल्या? म्हटलं आई, नऊ वर्षं झाली मला बाझेलमध्ये, रोज ट्रामने फिरते, इथेच राहणारी निकाबवाली, म्हणजे डोळे सोडून सगळा चेहरा झाकणारी, बाई मी अजून एकही पाहिली नाही. इंटरलाकेनला पाहिल्या, पण त्या आखाती देशांतून फिरायला आलेल्या, आठवतंय का, एकजण निकाब जरा पुढे धरून आतून आईस्क्रीम खात होती, तू टक लावून बघत बसलीस आणि मी तुला कोपर मारलं.

तर आता लिहूनच टाकते.

७ मार्च २०२१ ला इथे यावर मतदान झालं, ५१.२ टक्के लोक हो म्हणाले. म्हणजे काठावर पास. लुत्सर्न युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा तेव्हाचा अंदाज होता की अख्ख्या देशात निकाब घालणाऱ्या बायका असतील २० ते ३०. हजार बिजार नाही हो, नुसत्या तीस! आमच्या आळीच्या भिशीत याहून जास्त बायका आहेत. आणि या तिसांसाठी थेट राज्यघटनेत कलम घातलं, १०अ. खुद्द सरकार सांगत होतं की हे नको, सरकारी कामात ओळख पटवायची असेल तिथे चेहरा दाखवा एवढा कायदा पुरे, आणि मला तर ते शंभर टक्के पटलेलं, पासपोर्ट तपासताना चेहरा दाखवायलाच हवा, त्यात वाद कसला. पण नाही. मोहीम चालवणारी एगरकिंगेन कमिटी, म्हणजे २००९ मध्ये मशिदींचे नवे मिनार बांधायला बंदी आणली तीच मंडळी. तेव्हा देशात मिनार होते चार.

१ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे. डोक्याला स्कार्फ बांधलेला चालतो, चेहरा झाकलेला नाही, जागेवर १०० फ्रँक दंड आणि तो भरायला नाही म्हटलं तर १००० पर्यंत. सूट कुणाला, तर प्रार्थनास्थळं, तब्येत, थंडी आणि स्थानिक प्रथा. ही स्थानिक प्रथा म्हणजे काय ते बाझेलच्या माणसाला विचारा. आमच्याकडे फासनाख्त असतो, आपला शिमगाच म्हणा, पहाटे चारला सगळ्या गावाचे दिवे घालवतात आणि हजारो लोक पूर्ण चेहऱ्याचे मुखवटे घालून ढोल बडवत निघतात, कोण कुणाचा कोण ते कळत नाही. त्यात कुणाला सुरक्षेचा प्रश्न दिसत नाही. (पुण्यातल्या ॲक्टिव्हावाल्या पोरी इथे आल्या तर त्यांचं काय करतील देव जाणे, ऊन हे कारण चालेल बहुतेक.)

आता लगेच "म्हणजे तुला बुरखा आवडतो का" म्हणून येऊ नका. नाही आवडत. बाईचा चेहरा झाकायचा ही कल्पनाच मला डोक्यात जाते. आणि बंदीच्या बाजूने सगळे काही मुसलमानद्वेष्टे नव्हते, सायदा केलर-मेसाहली स्वतः मुस्लिम, उदारमतवादी इस्लामसाठी इथे वर्षानुवर्षं लढतायत, त्यांनीही हो म्हणूनच प्रचार केला.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनीही हो म्हणूनच मत दिलं. पंचाहत्तरीच्या, माहेर आपेन्झेल इनररोडनचं. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ ला (हो, एवढ्या उशिरा), आणि यांच्या कँटनमधले, म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारख्या भागातले, पुरुष तिथल्या कारभारात बायकांना मत द्यायला १९९० मध्येसुद्धा चौकात जमून नाही म्हणाले, शेवटी त्याच वर्षी कोर्टाने भाग पाडलं. त्या म्हणाल्या, गावच्या पुरुषांना आपणहून पटेल म्हणून बसलो असतो तर माझी आई मत न देताच गेली असती, काही गोष्टी वरूनच कराव्या लागतात. मला पटकन सुचेना. मग म्हटलं, पण कोर्टाने तुमच्या आईला दंड नव्हता लावला, तिला चौकात यायची मुभा दिली. इथे दंड बाईलाच. जबरदस्ती करणाऱ्या नवऱ्याला धरायला फौजदारी कायदा आधीपासून होताच की.

मग त्यांना माझ्या आजीचं सांगितलं. आजी सातारकडच्या देशमुखाच्या वाड्यातली, घरात गोषा, बाहेर जायचं तर गाडीला पडदे लावून. तो गोषा काही सरकारने नाही काढला. आजोबा अकाली गेले, भाऊबंदांनी जमिनीवरून केस घातली, आणि तारखेला जायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून आजी एसटीत बसली. आधी पदर पार नाकापर्यंत, मग कपाळापर्यंत, मग खिडकीची सीट मिळाली की वाऱ्यात तो धरून कोण बसतंय. समजा तेव्हा स्टँडवर फौजदार उभा असता, की पदर वर करा नाहीतर दंड भरा, तर आजीचे सासरे खूश झाले असते, बरं झालं सूनबाई, जाऊच नका आता. त्या तिसांतली एखादी अशीच घरात बसली असेल तर ते आपल्याला कळणारही नाही, कारण ती दिसणारच नाही, आणि लोक म्हणणार बघा, कायदा यशस्वी.

आजीबाईंनी सगळं ऐकून घेतलं, कॉफी ओतली आणि विचारलं, पदर मागे जायला किती वर्षं लागली?

म्हटलं, वीस-एक.

"फार झाली," म्हणाल्या.

झालीच. त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.