आधी कान, मग बटण

गेल्या जानेवारीत लोहगावच्या विमानतळावरून कोथरूडला घरी जात होते. टॅक्सीत माझ्या बाजूला, दरवाजाच्या खांबावर, एक लाल बटण होतं. संकटात दाबायचं. चालकाला विचारलं, "भाऊ, हे चालतं का हो?" आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "ताई, ते पासिंगपुरतं असतं. सिम कधीच बंद पडलंय. पासिंग जवळ आलं की रिचार्ज मारायचा."

पुढे संगमवाडीपर्यंत ते मुलाच्या बारावीबद्दल बोलत होते, आणि मी त्या एका शब्दात अडकून बसले होते. पासिंगपुरतं.

मी अकरा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहते. माझं काम नेमकं याच बटणाचं आहे. अपघात झाला की गाडी आपणहून ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन लावते, त्या यंत्रणेला इकडे ई-कॉल म्हणतात. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मंजुरीला येणाऱ्या मोटारींच्या आणि हलक्या मालवाहू गाड्यांच्या प्रत्येक नव्या मॉडेलला ती सक्तीची आहे. तिच्याशिवाय होमोलोगेशन, म्हणजे मॉडेलला विक्रीआधीची सरकारी मंजुरी, होत नाही, आणि होमोलोगेशनशिवाय गाडी विकता येत नाही. आमचा गट त्या चाचण्या करतो.

चाचणी कशी असते ते सांगते, कारण भारतातही ई-कॉल सक्तीचा करावा का, यावर घरी चालणाऱ्या वादात हा भाग कुणालाच माहीत नसतो. नुसतं यंत्र टेबलावर ठेवून दिवा लागतो का ते बघायचं, असं ते नाही. यंत्र स्लेडवर, म्हणजे चाचणीच्या सरकत्या गाड्यावर, बांधून जबर हिसका देतात आणि त्यानंतर त्यातून फोन लागतो का ते बघतात. पुढे अख्खी गाडी आदळवतात. गाडी थंड झाली, बॅटरीचा धोका नाही अशी खात्री झाली, की मग आमच्यातलं कुणीतरी त्या चेमटलेल्या गाडीत जाऊन बसतं. मी अनेकदा बसले आहे. एअरबॅग मांडीवर लोंबत असते, जळक्या फटाक्यासारखा वास नाकात जातो, काचेचा चुरा सीटच्या शिवणीत अडकलेला असतो. तिथे बसून मी मोठ्याने वाक्यं वाचते. दुसऱ्या टोकाला, नियंत्रण कक्षाच्या जागी, माझा सहकारी ऐकतो आणि उलट तो वाचतो तेव्हा मी ऐकते. मग दोघं एकाच वेळी बोलतो, कारण घाबरलेला माणूस समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत नाही. ही वाक्यं नियमाच्या परिशिष्टातच छापलेली आहेत, वेगवेगळ्या युरोपीय भाषांत. माणसाचा आवाज माणसाला कळला, तरच पास.

बोलणं सुरू होण्याआधी गाडी माहितीची एक छोटी पुडी पाठवते: जागा, वेळ, गाडीचा चासी क्रमांक, इंधन कोणतं, किती सीटबेल्ट लावलेले होते, फोन आपोआप लागला की कुणी बटण दाबलं, आणि गाडीचं तोंड कुठल्या दिशेला होतं. सगळं मिळून १४० बाइट. देवनागरीत लिहिलेल्या एका एसएमएसएवढं, म्हणजे ७० अक्षरांचं. यातली शेवटची गोष्ट, तोंड कुठल्या दिशेला, मला आमच्या मामामुळे कळली.

२०१९ च्या पावसाळ्यात मामा स्कूटरवरून खेड शिवापूरला निघाला होता. कात्रजच्या नव्या बोगद्याआधी, बाह्यवळण रस्त्यावर, मागून धक्का बसला आणि तो दुभाजकाला जाऊन आपटला. दोन मिनिटांत दहा माणसं जमली. एका मुलाने स्वतःचं जर्किन काढून त्याच्या डोक्याखाली ठेवलं. चौघांनी फोन लावले. चौघांनीही सांगितलं, "कात्रज बोगद्यापाशी." पुण्याच्या माणसाला माहीत आहे, कात्रजला बोगदे दोन आहेत. घाटातला जुना आणि बायपासचा नवा. रुग्णवाहिका जुन्या बोगद्याकडे गेली. परत फिरून आली ती पुण्याकडे येणाऱ्या बाजूला, आणि मधे दुभाजक. तो ओलांडायला जागा नाही म्हणून पुन्हा पुढे जाऊन वळसा. शेवटी लोकांनी एका टेम्पोत घालून मामाला न्यायचं ठरवलं. तो वाचला. डावा पाय मात्र कायमचा आखूड झाला, आणि टेम्पोत उचलून टाकताना काय झालं असेल ते डॉक्टर बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

यात दोष कुणा एकाचा नव्हता. फोन उचलणाऱ्याचाही नाही, चालकाचाही नाही. माहिती होती, ती योग्य जागी पोचली नाही.

म्हणून घरच्या वादात मी हल्ली दोन्ही बाजूंशी भांडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने वाहनांची रांगच्या रांग चिरडली, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रात्रभर चर्चा चालली. स्टुटगार्टातले पुणेकर मित्र म्हणतात, युरोपचा नियम उचला, भारतात लावा, प्रत्येक गाडीत ई-कॉल सक्तीचा करा. माझा मोठा भाऊ भोसरीला वायरिंग हार्नेसचा, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्यांचा, छोटा कारखाना चालवतो. तो म्हणतो, "तुमच्याकडे रात्री जंगलातून जाताना गाडी झाडावर आदळली तर सकाळपर्यंत कुणाला कळत नाही, म्हणून यंत्र लागतं. आपल्याकडे माणसं धावतात. आणखी एक डबा, आणखी एक प्रमाणपत्र, गाडी आणखी महाग."

दादाचं निम्मं खरं आहे. पुण्याच्या रस्त्यावर अपघात लपत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आलं, त्यामुळे धावणाऱ्याला पोलिसांच्या फेऱ्यांची भीती बाळगायचं कायद्याने तरी कारण उरलं नाही. पण मामाच्या भोवती दहा माणसं होती आणि तरीही गाडी चुकीच्या बोगद्याला गेली. धावणं आणि पोचणं या दोन गोष्टी आहेत.

मित्रांचं तर मला अजिबात पटत नाही, कारण ते युरोपचा नियम शेवटच्या पानापासून वाचतात. ई-कॉलची कल्पना इथे २००४ पासून स्वखुशीच्या करारावर चालली होती. कारखानदार म्हणायचे, नियंत्रण कक्ष तयार नाहीत, मग आम्ही यंत्र कशाला बसवू? सरकारं म्हणायची, गाड्यांत यंत्रच नाही, मग कक्षावर खर्च कशाला? अशीच वर्षं गेली. कोंडी फुटली ती कायद्याने, आणि त्या कायद्यांतला क्रम फार महत्त्वाचा आहे. ११२ चे कक्ष ई-कॉल घ्यायला तयार करण्याची मुदत १ ऑक्टोबर २०१७, गाड्यांची मुदत त्यानंतर सहा महिन्यांनी. शिवाय कक्षांचीही ठरलेल्या मानकाप्रमाणे तपासणी: पुडी वाचता येते का, जागा पडद्यावर दिसते का, गाडीत उलट फोन लावता येतो का. म्हणजे इथे बटणाला प्रमाणपत्र लागतं तसं ऐकणाऱ्या कानालाही लागतं. मित्र ज्याला युरोपचा नियम म्हणतात, त्याचा हा निम्मा भाग त्यांच्या बोलण्यात कधीच येत नाही.

आपल्याकडे काय झालं? २०१६ च्या अधिसूचनेने सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण दाखवणारं यंत्र आणि लाल बटण सक्तीचं केलं. १ जानेवारी २०१९ पासून नव्या नोंदणीला ते लागू झालं. ते यंत्र कसं असावं हे ठरवणारं मानक म्हणजे एआयएस १४०. ते मानक वाईट नाही, हे मी या कामातली म्हणून सांगते. यंत्राला स्वतःची बॅटरी हवी, दोन मोबाइल कंपन्यांचं जाळं पकडणारं सिम हवं, वायर तोडली तर इशारा जायला हवा. आमच्याच कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी अशा संस्था यंत्रं तपासून प्रमाणपत्र देतात. यंत्र पास होतं आणि टॅक्सीत बसतं. पुढे ते कुणाशी बोलतं, समोर कुणी ऐकतंय का, दोन वर्षांनी सिमचे पैसे कोण भरणार, हे त्या प्रमाणपत्रात येत नाही. त्या चालकाच्या खिशातून रिचार्ज जातो आणि त्याला आजवर त्या बटणाने काही दिलेलं नाही. त्याला "पासिंगपुरतं" म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे.

खासगी गाड्यांनाही हेच यंत्र लावा, असं सुचवणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. एआयएस १४० चं यंत्र सतत आपला ठावठिकाणा पाठवत राहतं, कारण ते बस आणि टॅक्सीवर लक्ष ठेवण्यासाठी बनलं. ई-कॉल उलट आहे. तो अपघात होईपर्यंत गप्प असतो, गाडीचा सतत माग काढता येणार नाही अशी कायद्याचीच अट आहे, आणि यंत्राच्या आठवणीत फक्त शेवटच्या काही जागा राहतात. बाकीच्या पुसल्या जातात. स्त्री म्हणून मला टॅक्सीवर लक्ष असलेलं हवं आहे. स्वतःच्या गाडीवर नको.

युरोपातही सगळं सुरळीत नाही, हेही लिहायला हवं. जुना ई-कॉल टूजी-थ्रीजीच्या आवाजाच्या मार्गातून जातो, जुन्या मोडेमच्या सुरांत. जर्मनीत थ्रीजी २०२१ मध्ये बंद झालं, टूजीचेही दिवस भरत आले. म्हणजे रस्त्यावरच्या लाखो गाड्यांचा आवाज पुढे मागे बसणार. १ जानेवारी २०२६ पासून नव्या मॉडेलांना फोरजी-फाइव्हजीवरचा ई-कॉल लागतो, पण विकून झालेल्या गाड्यांचं काय, याचं धड उत्तर आमच्या क्षेत्रात कुणाकडे नाही. वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाडीला तिच्याआधीच बंद पडणारं जाळं जोडलं. ही चूक पुण्याने इथून फुकट शिकून घ्यावी.

आणि मामा स्कूटरवर होता. युरोपचा नियम दुचाकीला लागूच नाही. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. पुण्यात घराघरांत दोन-दोन स्कूटर. अशा शहरात मोटारींच्या डब्यापासून सुरुवात करणं मला पटत नाही.

त्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. युरोपात मार्च २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनला अट आहे: ११२ लावला की फोनने स्वतःची जागा आपोआप कळवली पाहिजे. यंत्र प्रत्येकाच्या खिशात आधीच आहे. मामाच्या भोवतीचे ते चार फोन नुसते बोलले नसते, जागाही सांगून गेले असते, जुना बोगदा की नवा हा प्रश्नच आला नसता. त्यासाठी हवं ते समोरच्या टोकाला: ११२ असो, १०८ असो की महामार्गाचा १०३३, जागा एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर तशीच्या तशी जायला हवी, आणि ती जाते का याची दर महिन्याला खोटा कॉल लावून परीक्षा व्हायला हवी. निकाल जाहीर करा: किती सेकंदांत उचलला, जागा दिसली का, गाडी बरोबर बाजूला आली का. यंत्र नापास होतं तसा कक्षही नापास होऊ द्या.

पुण्यात हे करता येण्यासारखं आहे, म्हणून मी इतक्या लांबून आग्रह धरते. यंत्र तपासणारे टेकडीवर बसतात. २०१४ मध्ये १०८ सुरू झाली तेव्हा तिचा राज्याचा कक्ष औंधला उभा राहिला. टेकडीवरून औंध गाडीने अर्ध्या तासावर. जिथे बटण तपासतात आणि जिथे फोन उचलतात, ती दोन टोकं इतकी जवळ असलेलं दुसरं शहर मला तरी माहीत नाही. एका टोकाला आदळलेली गाडी ठेवा, दुसऱ्या टोकाला रात्रपाळीची मुलगी, आणि मधला सगळा रस्ता एकदम तपासा. मग सक्तीचं बोलू. तेव्हा दादालाही हार्नेसच्या जास्तीच्या दोन वायरी खुपणार नाहीत, असं तोच म्हणाला.

परत निघायच्या आदल्या दिवशी मामाकडे गेले होते. आदळलेल्या गाडीत बसून वाक्यं वाचायची, हे त्याला मी पहिल्यांदाच सांगितलं. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि विचारलं, "त्यात मराठी वाक्य आहे का?"

"नाही रे मामा. जर्मन आहे, फ्रेंच आहे, पोलिश आहे."

"मग एक लिहून घे," तो म्हणाला. मी खरंच मोबाइलमध्ये लिहून घेतलं. "नवा बोगदा. अलीकडची बाजू. साताऱ्याकडे तोंड."