लिंक आखूड केली म्हणून स्वे बार कडक होत नाही

सस्पेन्शन बदलणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांमध्ये जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीची उंची कमी करून ती खाली बसवली की स्वे बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा स्टीलचा दांडा) ॲडजस्टेबल लिंक (बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी, लांबी बदलता येणारी काडी) लावा, लिंक जेवढी आखूड, तेवढा बार कडक, गाडी जॅकवर चढवून दोन्ही लिंक एकाच मापाच्या करून आवळा, आणि एवढं नको असेल तर लिंक काढूनच टाका, गाडी खड्ड्यात मऊ चालते. लोक खरंच तसं करून घेतायत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

"लिंक आखूड, बार कडक" हे मुळातच चूक. स्वे बार ही पीळ घेणारी स्प्रिंग आहे. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरात, नुसता फिरतो. एक चाक वर आणि दुसरं खाली झालं की त्याला पीळ बसतो आणि तो बॉडीचा कल अडवतो. हा पीळ किती जड जाणार हे बारची जाडी आणि त्याच्या हाताची, म्हणजे टोकाकडच्या वळवलेल्या भागाची, लांबी ठरवते. जाडीचा परिणाम तर चौथ्या घाताने होतो: २० मिमीच्या भरीव बारऐवजी त्याच घडणीचा २२ मिमीचा टाकला तर तो सुमारे ४६ टक्के कडक होतो. काही बारांच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात. आतल्या भोकात लिंक लावली की हात आखूड होतो आणि बार कडक होतो. खरं ॲडजस्टमेंट ते. लिंकच्या लांबीने ठरतो तो बारच्या हाताचा कोन. गाडी जमिनीवर उभी असताना हात आणि लिंक साधारण काटकोनात हवेत, की झालं.

"गाडी खाली घेतली की लिंक आखूड करायची" हे निम्मंच खरं. लिंक लोअर आर्मवरून (चाक धरणारी खालची भुजा) वर बारला जात असेल तर गाडी खाली बसल्यावर ती आखूड करावी लागते. पण लिंकचं वरचं टोक स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा उभा खांब) ब्रॅकेटला आणि खालचं बारला असेल, तर ब्रॅकेट बॉडीच्या मानाने वर सरकतं आणि बारलाही वर ओढतं. तिथे हात मूळ जागी आणायला लिंक लांब करावी लागते. त्यात कॉइलओव्हरचं (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकचा सेट) ब्रॅकेट कंपनीच्या जागेवर असेलच असं नाही. म्हणून आधी गाडीखाली वाकून बघायचं, मग पाना उचलायचा.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो जॅकचा सल्ला. जॅकवर किंवा बॉडी धरून उचलणाऱ्या टू-पोस्ट लिफ्टवर चाकं लोंबकळतात. रस्त्यावर ती तशी कधीच नसतात. नुसती एकच बाजू उचलली तर बार आधीच पिळलेला असतो, भोक जुळत नाही, आणि मग पहार घालून बोल्ट ठोकला जातो. उद्यमनगरात पिट (गाडीखाली उतरायचा खड्डा) किंवा गाडी चाकांवरच उभी राहते अशी फोर-पोस्ट लिफ्ट असलेलं गॅरेज शोधा. गाडी सपाटीवर चारही चाकांवर उभी हवी, टायरची हवा बरोबर हवी आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्याएवढं वजन हवं. एक बाजू जोडून आवळा. दुसऱ्या बाजूची लिंक फिरवत राहा, जोवर बोल्ट नुसत्या बोटाने आत सरकत नाही तोवर. बोटाने गेला म्हणजे बारमध्ये पीळ नाही. अंगठ्याने दाबावा लागला तरी अर्धा फेरा अजून फिरवा. आवळताना बॉल जॉइंटचा खिळा ॲलन कीने धरा, नाहीतर तो नटाबरोबर फिरतो. शेवटी लिंकची लांबी पक्की करणारा चेकनट आवळा. आणि लिंकचे आटे पुरेसे आत आहेत ना, हे बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

दोन्ही लिंक एकाच मापाच्या हव्यात, हा आग्रहही सोडा. डाव्या-उजव्या उंचीत थोडा फरक असतोच, त्यामुळे मापातही थोडा फरक चालतो. फरक मोठा असेल तर लिंकला दोष देऊ नका. स्प्रिंग नीट बसलीय का, बार वाकलाय का ते तपासा. जबरदस्तीने सारख्या केलेल्या लिंकमुळे बारमध्ये कायमचा पीळ राहतो. सरळ रस्त्यावरही एका चाकावर जादा दाब येतो आणि आंबा घाटात गाडी डाव्या वळणाला एक, उजव्या वळणाला दुसरंच वागते. व्हील अलाइनमेंटच्या कागदावर हा पीळ उमटत नाही, त्यामुळे मालक महिनोन्‌महिने टायरवाल्याशी भांडत बसतो.

हे झालं की स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. लिंक ब्रेक होजला, टायरला किंवा ड्राइव्ह शाफ्टला टेकत नाही ना, ते चाक लोंबकळतं ठेवूनही बघा. जॅक लागतो तो इथे.

राहिलं लिंक काढून टाकणं. एकच चाक खड्ड्यात गेलं तर गाडी थोडी मऊ लागते, हे खरंय. दगडधोंड्यातून गोगलगायीसारखं चालवणारे ऑफ-रोडवाले लिंक सोडतात, पण रस्त्याला लागण्याआधी परत जोडतात. फक्त पुढचा बार सोडला तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या पकडीचा तोल बदलतो. करूळ घाटात पावसात अचानक स्टिअरिंग मारायची वेळ आली की गाडी जास्त कलते, उशिरा सावरते, आणि मागची बाजू सुटायची शक्यता वाढते. एकाच बाजूची काढली तर तोही बार तेवढाच निकामी, वर मोकळं टोक आजूबाजूला आपटत राहतं. लिंक खडखडते म्हणून काढणार असाल तर नवी टाका.