‘आमच्या आजीला कुठे झाला होता हा आजार?’

मागच्या महिन्यात माहेरच्या ग्रुपवर आमच्या काकांनी एक मेसेज ढकलला. पुढच्या आठवड्यात तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या मैत्रिणींच्या. म्हणजे फिरत फिरत तुमच्याकडेही पोचला असणार. ‘नवीन फॅड : ॲडजस्टमेंट डिसऑर्डर!’ (म्हणजे एखाद्या बदलाशी किंवा ताणाशी जुळवून घेताना होणारा मनाचा आजार) असा मथळा, शेवटी जोडलेले हात. मजकूर थोडक्यात सांगते. आपल्या आज्या तेराव्या वर्षी सासरी गेल्या, पंधरा माणसांचा स्वयंपाक केला, त्यांना कुठे झाला हा आजार? हल्लीच्या पिढीत सहनशक्तीच उरली नाही. हा रोग औषध कंपन्यांनी काढलाय. डॉक्टरच म्हणतात की सहा महिन्यांत आपोआप बरा होतो, मग जायचं कशाला? उलट मानसिक रोगाचा शिक्का बसला की नोकरी, लग्न, सगळं संपलं. उपाय एकच : पहाटे उठा, सूर्यनमस्कार घाला, मन कामात गुंतवा.

मी डॉक्टर नाही, बँकेत अधिकारी आहे. पण चार वर्षांपूर्वी माझ्याच केसपेपरवर ‘एफ ४३.२’ असं लिहिलं गेलं आणि तो आकडा याच आजाराचा आहे हे मी परतीच्या रिक्षात बसून मोबाईलवर शोधलं. तेव्हा काकांना उत्तर द्यायचा थोडा हक्क माझ्याकडे आहे.

आधी आजीच घेऊ, कारण ती काकांची आई आणि मेसेजमधला हुकमी एक्का तोच आहे. आजी कराडजवळच्या एका गावात १९४४ साली सून म्हणून आली. वय तेरा. (जाता जाता : मुलीचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९चा. ज्याचा मेसेजमध्ये एवढा अभिमान आहे ते लग्न तेव्हाही कायद्यात बसत नव्हतं.) पुढची हकिगत मला धाकट्या आजीने, म्हणजे आजीच्या जावेने, शेंगा फोडता फोडता सांगितली. पहिल्याच पावसाळ्यात आजी जेवेनाशी झाली. घास तोंडात नुसता फिरायचा. भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि तव्यावरची करपून जायची. रात्री माजघरात एकटीच उठून बसलेली दिसायची. सासूने दृष्ट काढली, देवऋष्याकडून अंगारा आणला, दंडाला ताईत बांधला. ‘पोर झुरणीला लागलीय,’ म्हणायचे सगळे. नागपंचमीला भाऊ मुराळी म्हणून आला, ती माहेरी गेली आणि आठवड्याभरात दोन-दोन भाकऱ्या खायला लागली. आईने दिवाळीपर्यंत ठेवून घेतली. मग परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. असं करत दोनेक वर्षांनी त्या घरात रमली.

गेलेल्या माणसाचं निदान कोणी करू नये, मीही करत नाही. पण ताणाचं ठळक कारण, त्यापाठोपाठ जेवण, झोप, काम तिन्ही बिघडणं, मन त्याच एका गोष्टीभोवती घोटाळत राहणं आणि कारणापासून लांब गेलं की उतार पडणं, याच खुणा आज डॉक्टर बघतात. ताणाची घटना घडल्यापासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकानुसार तीन महिन्यांच्या आत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीनुसार साधारण महिन्याभरात हे सुरू होतं. आजीच्या काळी आजाराला इंग्रजी नाव नव्हतं, एवढाच फरक. त्या अमेरिकन पुस्तकाच्या १९५२ सालच्या पहिल्या आवृत्तीतही परिस्थितीमुळे तात्पुरता ढळलेला तोल, अशा अर्थाचा एक गट होता. ‘ॲडजस्टमेंट डिसऑर्डर’ हे नाव १९८०चं. आपल्याकडे मात्र झुरणं, हाय खाणं, धसका घेणं, अंथरूण धरणं, एवढे शब्द त्याच्याही कितीतरी आधीपासून आहेत. जी गोष्ट घडतच नव्हती तिला भाषेने एवढे शब्द कशाला दिले असते?

आणि बघा, पूर्वीच्या माणसांकडे इलाजही होता. पहिली मंगळागौर, पंचमी, दिवाळसण, काही ना काही निमित्ताने नव्या नवरीला वर्षभर माहेरी आणत होते. उपटून लावलेलं भाताचं रोप चार दिवस पिवळं पडतं हे लावणी करणाऱ्यांना ठाऊक होतं, पोरीचंही तसंच होणार हे गृहीत धरलेलं होतं. ज्यांना न्यायला मुराळी आला नाही, त्यांच्या गोष्टी आपण ग्रुपवर टाकत नाही. ‘विहिरीवर पाय घसरला’ हे वाक्य जुन्या माणसांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की एवढ्या विहिरी निसरड्या कशा, असा प्रश्न लहानपणीच पडला होता.

आता सहनशक्ती. इथे खरी गडबड आपल्या ‘ॲडजस्ट’ या शब्दाने केलीय. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी बाई येते आणि ‘जरा ॲडजस्ट करा ना’ म्हणते, तो आपला ॲडजस्ट. अंग चोरून बसा आणि बोलू नका. सुनेला सांगितलेला ‘ॲडजस्ट कर’ही तोच. त्यामुळे आजाराचं नाव ऐकलं की लोकांना वाटतं, ही बाई अंग चोरायला तयार नाही, म्हणून डॉक्टरकडे गेली. माझं उलट होतं. मी अंग चोरूनच बसले होते.

बढतीवर माझी बदली सांगलीहून तेलंगणात करीमनगरला झाली. मुलगा दहावीत, नवरा सांगलीत, मला तेलुगूचं अक्षर येत नाही. बढती म्हणजे आनंदाची गोष्ट, घरी पेढे वाटलेले. हेही मेसेजवाल्याला ठाऊक नसावं की ताण वाईटच घटनेचा असतो असं नाही. बाळ होणं, परदेशी जाणं, मोठं घर, बढती, काहीही पुरतं. काउंटरवर पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात जोडून मला जे म्हटलं ते ऐकून मी लालबुंद झाले. तेलुगूत ‘या’ म्हणायचा जो आदराचा शब्द आहे, तो मराठीत शिवी आहे. शाखेत सगळे हसले, मीही हसले. मग घरी जाऊन दीड तास रडले. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं, हे मलाही कळत होतं.

स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या ताब्यात असायची. ती पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे ना, हे मी रात्री उठून बघायला लागले. आधी एकदा, मग चारदा, मग उशाखाली घेऊन झोपायला लागले आणि तरी उठून चाचपायची. दिवसा एकच व्हाउचर तीन-तीनदा वाचलं तरी डोक्यात शिरेना. डबा तसाच परत. पण एकही दिवस रजा घेतली नाही, मुलाला फोनवर कधी रडका आवाज ऐकू दिला नाही. सहनशक्ती म्हणतात ती हीच ना, काका? ती भरपूर होती, फक्त तिने आजार थांबला नाही.

मेसेजला एक मुद्दा मात्र अर्धा देऊन टाकते. प्रत्येक दुःख हा आजार नसतो. परीक्षेत नापास झालं, प्रेम मोडलं, बदली झाली की माणूस रडतोच आणि बहुतेक जण आपले आपण सावरतात. कारणाच्या मानाने त्रास फारच जास्त होतोय किंवा रोजचं काम, नाती, अभ्यास कोलमडलाय, तरच डॉक्टर हा शब्द वापरतात. याहून महत्त्वाचं, सासरी मार खाणाऱ्या बाईला ‘तुला जुळवून घेता येत नाही, तुला आजार आहे’ म्हणणं हा निदानाचा दुरुपयोग आहे. तिथे बदलायला हवं ते घर. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३मध्ये स्पष्ट लिहिलंय की समाजाची नैतिक, सांस्कृतिक किंवा कामाच्या ठिकाणची मूल्यं न पाळणं या आधारावर कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे ‘सून आमच्या पद्धतीत बसत नाही’ हे लक्षण नव्हे. हे वाक्य खरं तर फॉरवर्ड व्हायला हवं.

औषध कंपन्यांचं फार बोलत नाही. या आजारात गोळी हा पहिला उपायच नाही, थोड्या बैठकांचं समुपदेशन हा आहे. झोप पार उडाली असेल तर काही दिवसांपुरतं औषध देतात, मलाही दिलं होतं, नंतर बंद केलं. कंपन्यांनी पैसे कमवायला हा रोग काढला असेल तर त्यांना धंदा कळत नाही म्हणायचं. धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी : ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अल्प्राझोलामच्या, म्हणजे चिंता कमी करणाऱ्या, गोळ्या. त्यांची सवय लागते, आणि डॉक्टरकडे जायची लाज वाटणारेच त्या घेत राहतात.

‘सहा महिन्यांत आपोआप बरा होतो’ हे मला सगळ्यात घातक वाटतं, कारण त्यात अर्धं खरं आहे. मूळ वाक्य असं आहे : ताणाचं कारण, किंवा त्याचे परिणाम, संपल्यानंतर लक्षणं सहा महिन्यांहून जास्त टिकत नाहीत. संपल्यानंतर! माझी बदली तीन वर्षांची होती. कर्ज, लांबलेली कोर्टकेस, घरातलं दीर्घ आजारपण, गेलेली नोकरी, यातलं काय सहा महिन्यांत संपतं? कारण चालू राहिलं तर त्रासही चालू राहतो, कधी कधी पुढे नैराश्यात जातो, आणि मग निदान आणि उपचार दोन्ही बदलतात.

शिवाय हा आजार ‘किरकोळ’ म्हणून सोडून द्यावा असा नाही. यातही जीव नकोसा होण्याचे विचार येतात आणि ते फार झपाट्याने येऊ शकतात. मला एका रात्री वाटलं की उद्या उजाडूच नये. त्याहून पुढे काही नाही, पण तेवढंच ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश चार प्रश्न विचारले. असं कोणाला वाटत असेल तर सहा महिने मोजत बसू नये. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेला, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांकडे मी गणपतीच्या सुट्टीत सांगलीत गेले. त्यांनी समुपदेशक मॅडमकडे पाठवलं आणि पुढे दर गुरुवारी रात्री फोनवर पाऊण तास. मला वाटलं होतं, बालपणाबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, काउंटरवर दिवसात कोणती वाक्यं सगळ्यात जास्त लागतात? दहा निघाली. ती रोज एक या हिशेबाने शिपाईकाकांकडून तेलुगूत शिकायची, हा गृहपाठ. ‘इक्कड संतकम् चेयंडी’, इथे सही करा, हे पहिलं. किल्लीसाठी ठरलं की झोपण्याआधी एकदा बघायची, वहीत वेळ लिहायची आणि पुन्हा हात लावावासा वाटला तर आधी वही उघडायची. तिसरं काम मला सर्वात जड गेलं : विनंती बदलीचा अर्ज. तो म्हणजे पळपुटेपणा, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मॅडम म्हणाल्या, ‘दगड बुटात असेल तर बूट काढून झटकायचा, चालायचा सराव नाही करायचा.’ अर्ज लगेच मंजूर झाला नाही, पुढच्या वर्षी झाला. पण तो टाकला त्या रात्री मी सलग पाच तास झोपले.

शिक्क्याचं काय? त्याच २०१७च्या कायद्याच्या कलम २३प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. कलम २१प्रमाणे आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यायचं आहे. आणि पूर्वी कधी उपचार घेतले एवढ्यावरून माणूस आज किंवा पुढे मनोरुग्ण ठरत नाही, हेही कलम ३मध्येच आहे. कागदावरचा कायदा आणि लग्नाच्या बैठकीतली कुजबुज यांत अंतर आहे, नाही म्हणत नाही. पण ती कुजबुज डॉक्टर करत नाहीत, ती अशा मेसेजमधून सुरू होते. माझी त्यानंतर आणखी एक बढती झाली, तेव्हा कोणी काही विचारलं नाही.

राहिला उपाय. पहाटे उठा म्हणे. काका, मी रोज तीन चाळीसला उठत होते. पंख्याकडे बघत पाच वाजेपर्यंत पडायचं, मग दुधाच्या गाडीचा आवाज, मग पोटात गोळा. मन कामात गुंतवा म्हणाल तर कामातच तर अडकलं होतं ते. सूर्यनमस्कारांशी माझं भांडण नाही. चालणं, व्यायाम याने झोपेला मदत होते, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, फक्त इतर उपचारांच्या जोडीने. मी हल्ली बारा घालते. सात वाजता. साडेसहाशिवाय जागच येत नाही.