तत्त्वतः आमचा पाठिंबाच आहे

शनिवारी सकाळी लायब्ररीच्या दाराशी घडीचं टेबल मांडून कुणी बसलेलं दिसलं, की लगेच खिशातून फोन काढून कानाला लावा. पलीकडे कुणी नसलं तरी चालतं. एवढं करूनही टेबलामागच्या बाईंनी "दोन मिनिटं आहेत का?" असं विचारलंच, तर घाबरून जाऊ नका. अमेरिकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाने घाबरायचं ते हॉस्पिटलच्या पाकिटाला, क्लिपबोर्डाला नव्हे.

या बाई बहुधा निवृत्त नर्स असतात. मागणी साधी असते: देशातल्या सगळ्यांच्या औषधपाण्याची बिलं एकाच सार्वजनिक तिजोरीतून भरली जावीत. डॉक्टर खाजगी राहोत, हॉस्पिटलं खाजगी राहोत, पैसे चुकते करणारा मात्र एकच. याला सिंगल पेअर म्हणतात. पासष्टी ओलांडलेल्यांना जी मेडिकेअर मिळते ती सगळ्यांनाच द्या, अशी त्याची सुटसुटीत घोषणा आहे. आता तुम्ही पडलात सज्जन. बऱ्या नोकरीतले, मुलाबाळांचे, दर नोव्हेंबरात विम्याचा प्लॅन निवडताना आख्खा रविवार एक्सेल शीटवर घालवणारे. तुम्हाला गरिबांचा कळवळा आहे. म्हणून 'नाही' कधीही म्हणू नका. नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं, वाद घालावा लागतो, क्वचित हरावंही लागतं. त्यापेक्षा छातीवर हात ठेवून म्हणा, "तत्त्वतः माझा पाठिंबाच आहे." हा शब्द आपल्याला कुणी शिकवायला नको. तत्त्वतः मंजूर झालेल्या गोष्टी पुढे कुठे जातात, हे बघतच आपण लहानाचे मोठे झालो.

बाई तरीही हटल्या नाहीत, तर एक सुस्कारा सोडा आणि विचारा, "पण पैसे कुठून येणार?"

हा प्रश्न म्हणजे रामबाण. त्याची गंमत अशी, की तो फक्त पुढच्या खर्चाबद्दल विचारायचा असतो, चालू खर्चाबद्दल नाही. 2023 साली अमेरिकेने आरोग्यावर 4.9 ट्रिलियन डॉलर खर्च केले. देशाच्या जीडीपीच्या 17.6 टक्के, माणशी साडेचौदा हजार डॉलर. हे कुठून आले, असं कुणी कुणाला विचारल्याचं तुमच्या ऐकिवात आहे? आले कुठून तरी, गेलेही. तुम्ही 32.6 ट्रिलियन हा आकडा मात्र तोंडपाठ ठेवा. सगळ्यांना मेडिकेअर दिली तर दहा वर्षांत सरकारचा खर्च एवढ्याने वाढेल, असं मर्केटस सेंटर या अभ्याससंस्थेच्या अहवालात 2018 साली छापून आलं. त्यासाठी मांडलेल्या विधेयकातले डॉक्टर-हॉस्पिटलांचे दर गृहीत धरले तर देशाचा एकूण आरोग्यखर्च त्याच दहा वर्षांत सुमारे 2 ट्रिलियनने कमी होतो, हेही त्याच अहवालाच्या तक्त्यांतून निघत होतं. पण तक्ते वाचायला शनिवार सकाळ ही काही वेळ नव्हे.

व्हरमाँटचं उदाहरणही जवळ बाळगा. तिथल्या कामगार संघटनेने गावोगाव फिरून, लोकांची गाऱ्हाणी गोळा करून एवढा रेटा लावला, की 2011 साली कायदा झाला. देशात पहिल्यांदाच एखादं राज्य सिंगल पेअरच्या वाटेला लागलं होतं. डिसेंबर 2014 मध्ये गव्हर्नर पीटर शमलिन यांनी हिशोब मांडला: कंपन्यांना पगारपत्रकावर 11.5 टक्के कर, लोकांना मिळकतीवर 9.5 टक्क्यांपर्यंत. आणि योजना गुंडाळली. या कराच्या बदल्यात प्रीमियम जाणार होता, हे सांगायच्या फंदात तुम्ही पडू नका. कर पुढच्या दाराने ढोल वाजवत येतो आणि प्रीमियम मागच्या दाराने मुकाट निघून जातो. मथळा ढोलाचाच होतो.

तुमच्या स्वतःच्या घरातला प्रीमियम? 2024 साली कंपनीमार्फत घेतलेल्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी खर्च 25,572 डॉलर होता. त्यातले 6,296 तुमच्या पगारातून कापलेले दिसतात. उरलेले कंपनी भरते. ते ती मालकाच्या आजीच्या पाटल्या मोडून भरते, तुमच्या पगारवाढीतून नव्हे, असा समज जपून ठेवा. झोप चांगली लागते.

दुसरं वाक्य: "ही वेळ नव्हे." याला फार मोठी परंपरा आहे. 1945 साली राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमननी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव अमेरिकन काँग्रेसपुढे ठेवला, तेव्हा ती वेळ नव्हती. ते पुन्हा निवडून आले तेव्हा तर मुळीच नव्हती, कारण अमेरिकन मेडिकल असोसिएशनने एकेका सभासदाकडून 25 डॉलर गोळा केले, कॅलिफोर्नियातल्या व्हिटेकर आणि बॅक्स्टर या नवरा-बायकोच्या प्रचारसंस्थेला कामाला लावलं, आणि सरकारी विमा म्हणजे समाजवादाची पहिली पायरी, हे घराघरांत पोचवलं.

तळागाळातली चळवळ कशी करावी हे शिकायचं असेल, तर खरं म्हणजे या लोकांकडून शिकावं. 1961 साली त्यांनी केलेलं काम बघा. म्हाताऱ्यांना सरकारी विमा द्यायचं घाटत होतं. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, बिस्किटं पुढे करायची, आणि गप्पा रंगल्या की ग्रामोफोनवर तबकडी लावायची. तबकडीत आवाज एका नटाचा, नाव रोनाल्ड रेगन. हे आज थांबवलं नाहीत तर म्हातारपणी आपल्याला पोरानातवंडांना 'एके काळी अमेरिकेत माणसं स्वतंत्र होती' असं सांगत बसावं लागेल, असं तो बजावत असे. मग कप विसळायच्या आत तिथल्या तिथे काँग्रेसच्या सभासदाला पत्र लिहायचं. मोहिमेचं नावच 'ऑपरेशन कॉफी कप'. आपल्या लायब्ररीवाल्या बाईंकडे साधा थर्मास नसतो हो, बिस्किटं तर दूरच.

तरीही 1965 च्या जुलैत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन म्हाताऱ्या ट्रुमनसमोर मेडिकेअरवर सही केली आणि पहिला सभासद म्हणून त्यांचंच नाव नोंदवलं. पुढच्या अकरा महिन्यांत, आजच्यासारखा एकही संगणक नसताना, 1 कोटी 90 लाख लोकांची नोंदणी होऊन योजना सुरूही झाली. (हे वाचून विसरा. एवढी मोठी योजना राबवणं अशक्य आहे, असं तुम्हाला पुढे कधीतरी म्हणायचं आहे.) आणि स्वातंत्र्य? 2009 साली साउथ कॅरोलिनातल्या एका सभेत एक गृहस्थ आपल्या खासदारावर कडाडले, की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावता कामा नये. मेडिकेअर सरकारच चालवतं, हे खासदाराने परोपरीने सांगून पाहिलं. गृहस्थांना पटलं नाही. इतका अढळ विश्वास एखाद्या सरकारी योजनेच्या वाट्याला क्वचितच येतो.

त्याच वर्षी 5 मे रोजी सिनेटच्या अर्थ समितीत आरोग्य सुधारणेवर चर्चा होती. मोठं गोल टेबल म्हणावं अशी तयारी. विमा कंपन्यांना खुर्ची होती, उद्योगांना खुर्ची होती, सिंगल पेअरवाल्यांना नव्हती. मग प्रेक्षकांतून एकेक जण उठून विचारू लागला, आमचं माणूस का नाही? त्यांत डॉक्टरही होते. अध्यक्ष मॅक्स बॉकस यांनी पोलिस बोलावले आणि आठ जणांना धरून नेलं. पुढे 2017 साली, सिनेटमधून बाहेर पडून तीन वर्षं झाल्यावर, बॉकस म्हणाले की आता सिंगल पेअरचा विचार करायला हवा. बघा, 'ही वेळ नव्हे' म्हणणाऱ्यालाही वेळ सापडते. फक्त तोवर खुर्ची गेलेली असते.

तिसरं वाक्य उच्चारताना आवाज थोडा भरून आला तर उत्तम: "मला माझी निवड हवी." डॉक्टर निवडायचं स्वातंत्र्य! ते तुम्हाला आहेच. विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांच्या, म्हणजे नेटवर्कमधल्या यादीतून, नवीन पेशंट घेणाऱ्यांपैकी, पुढच्या मार्चमधली तारीख चालत असेल तर. नोकरी बदलली की नेटवर्क बदलतं आणि बारा वर्षं तुमची नाडी बघणारा डॉक्टर परका होतो. नोकरी गेली की जुना विमा 'कोब्रा' नावाखाली चालू ठेवता येतो, कंपनीचा वाटाही आपणच भरून, वर 2 टक्के. सापाचं नाव कुणी ठेवलं त्याचा सत्कार करायला हवा. वेंडेल पॉटर नावाचे गृहस्थ सिग्ना या विमा कंपनीच्या प्रचाराचं काम बघत. निवडीचं हे पालुपद आम्हीच धंद्याच्या सोयीसाठी घडवलं, असं त्यांनी नोकरी सोडल्यावर कबूल केलं. नोकरी सोडण्याआधी ते 2007 साली व्हर्जिनियातल्या वाइज काउंटीत जत्रेच्या मैदानावर गेले होते. अ‍ॅमेझॉनसारख्या दुर्गम भागांत डॉक्टर पोचावेत म्हणून काढलेली एक संस्था तिथे फुकट दवाखाना भरवत असे. लोक रात्रभर गाडीत झोपून पहाटे रांगेला लागलेले, आणि जनावरांच्या गोठ्यात दात काढणं, डोळे तपासणं चाललेलं. निवड तिथेही होतीच: आज दात की डोळे.

कॅनडाचं नाव निघालं तर "तिकडे रांगा फार" एवढंच म्हणून थांबा. खोटं नाही ते. गुडघा बदलायला तिथे महिनोन्महिने थांबावं लागतं. अमेरिकेत 2023 साली विमा नसलेले 2 कोटी 60 लाख लोक होते, त्यांना रांगेचा त्रास नाही. रांगेत नाव लागलं तर थांबायचा प्रश्न. पण सस्कॅचवानचा विषय मात्र निघू देऊ नका. 1962 च्या जुलैत त्या एका प्रांताने सार्वजनिक विमा सुरू केला त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले. 23 दिवस. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणवले, लोकांनी स्वतःचे सहकारी दवाखाने उघडले, सरकार टिकलं, संप मिटला, आणि दहा वर्षांच्या आत ती योजना देशभर पसरली. असली गोष्ट ऐकून माणसाला वाटायला लागतं, की एका राज्यातून सुरुवात करता येईल. कोलोरॅडोत 2016 साली दर पाचांतल्या जवळजवळ चौघांनी अशाच योजनेला मतपेटीतून 'नको' सांगितलं, ही गोष्ट सांगा. ती जास्त पौष्टिक आहे.

आणि हे सगळं करूनही मन द्रवलंच, तर चळवळीत खुशाल जा. बैठकीला नियमित हजर राहा आणि आधी राज्य की आधी वॉशिंग्टन, हा मुद्दा दर वेळी नव्याने उपस्थित करा. टेबल मांडायला माणूस उरणार नाही.

आता ही सगळी वाक्यं मी अनुभवातून सांगतोय, पुस्तकातून नव्हे. मागच्या महिन्यात मी त्या लायब्ररीत गेलो होतो ते फॅक्स करायला. हो, फॅक्स. चंद्रावर माणूस पाठवलेल्या देशात विमा कंपनीकडे अपील करायचं तर कागद फॅक्सने जातात. बायकोच्या एमआरआयचा क्लेम नाकारला होता. आधी एक पत्र आलं, त्यावर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही', आणि खाली रक्कम. मग बिल आलं, तीच रक्कम. मग मी सत्तावीस पानांचं अपील तयार केलं. ओबामाकेअरच्या सरकारी बाजारपेठेतल्या विमा कंपन्या नेटवर्कमधलेसुद्धा पाचांतला जवळजवळ एक क्लेम नाकारतात, आणि त्यावर अपील करणारे 1 टक्काही नसतात. म्हणजे मी तसा दुर्मीळ जातीचा प्राणी, तरी मशीनला माझी कदर नव्हती. ते नववं पान गिळून बसलं.

टेबलावरच्या बाई पाणी प्यायला आत आल्या होत्या. त्यांनी माझ्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "प्रत्येक पानावर क्लेम नंबर लिहिलाय का? नाहीतर एक पान मिळालं नाही म्हणून सगळंच परत पाठवतील." मग स्वतःचं पेन काढून दिलं आणि मशीनचं झाकण उघडून नववं पान अलगद बाहेर ओढलं. सराईत हात. मी सत्तावीस वेळा तो अकरा आकडी नंबर लिहिला. त्या शेजारी उभ्या राहून पानं मोजत होत्या.

बोलायचं म्हणून मी विचारलं, तुम्हाला तर मेडिकेअर मिळतच असेल, मग तुमचं काय अडतं? त्यांनी उत्तर दिलं नाही. पानं सारखी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, फॅक्स पोचल्याची पावती टाकून देऊ नका, ते 'मिळालं नाही' म्हणतात.

बाहेर पडताना मी पेन परत केलं. त्यांनी क्लिपबोर्ड माझ्याकडे सरकवला. माझा तत्त्वतः पाठिंबाच आहे, असं मी त्यांना सांगितलं. पेन मात्र तोवर त्यांच्या खिशात गेलं होतं, आणि माझ्या मागे आणखी दोघं जण फॅक्सचे कागद घेऊन उभे होते.